बरणीच्या गळ्यातला लाल दोरा

आमच्या सासूबाई पाहुण्यांना माझी ओळख करून देताना म्हणायच्या, "घरची भांडी घासाले बाई लावली अन् ही जाते हापिसात चित्रातली भांडी ओळखाले." पाहुणे हसायचे. मीही हसायची, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. नेपियर टाउनमधल्या एका खासगी न्यासाच्या संग्रहालयात मी तीस वर्षं हेच काम केलं. न्यासाचं नाव सांगत नाही. दिवाळीला ते अजून मिठाईचा डबा पाठवतात, तो बंद व्हायला नको. माझ्या नेमणुकीच्या कागदावर लांबलचक हुद्दा होता, पण गेटवरच्या चौकीदारापासून साहेबांपर्यंत सगळे मला 'मटका मैडम' म्हणायचे. माझं आडनाव ढोबळे आहे, हे पुष्कळांना माझ्या निरोपाच्या दिवशी कळलं.

काम काय, ते आधी सांगते. जुन्या पोथ्यांत चित्रं असतात. त्यातल्या राजाराणीवर, हत्तीघोड्यांवर लिहिणारे विद्वान रग्गड. पण राजाच्या कोपराशी एक भांडं ठेवलेलं असतं, त्याला कोणी विचारत नाही. ते भांडं कशाचं, कशासाठी, हे ओळखून कार्डावर लिहायचं, हे माझं काम. चित्रकार मोठे चोख लोक होते. राजाचं नाक चुकेल एखाद्या वेळी, पण झारीची तोटी चुकायची नाही.

तीन प्रश्न विचारायचे. पहिला तोंडाचा. तोंड अरुंद असेल तर आत पातळ काहीतरी आहे, ओतायचं आहे. रुंद असेल तर आत हात जातो नाहीतर चमचा, म्हणजे मुरंबा, मलम, चूर्ण. दुसरा प्रश्न मानेचा. लांब मान अन् तोटी नाही, ती सुराही. लांब मान अन् डोक्याला भोकं, ती गुलाबदाणी. औषधाच्या बरणीची मान आखूड, कंबर जराशी बारीक, म्हणजे फळीवर दाटीनं ठेवलेल्या बरण्यांतून एक उचलताना बोटं आत शिरतात. तिचा ओठ बाहेर वळलेला असतो, कारण तिला झाकण नसतं. तोंडावर कापड घालून दोरा बांधतात, तो घसरू नये म्हणून ओठ. तिसरा प्रश्न म्हणजे भांड्याशेजारी माणूस कोण आहे अन् काय करून राहिला आहे. या तिसऱ्या प्रश्नानं माझा घात केला, पण ते पुढे.

गिऱ्हाइकं आमच्याकडेही यायची. शहरात रफीकभाईंचं इत्राचं जुनं दुकान आहे. ते एकदा एका नवाबाच्या चित्राची छापील प्रत घेऊन आले. नवाबाच्या पायाशी एक देखणं भांडं होतं, तेच त्यांनी रंगाऱ्याकडून दुकानाच्या पाटीवर काढून घेतलं होतं. "मैडम, बस इतना लिख दीजिए कि यह इत्रदान है। फ्रेम कराके गल्ले के पीछे टाँगूँगा।"

मी भिंग लावलं. तोंड ताटाएवढं पसरट, पोट गोल, अन् शेजारी नोकर विड्याचं तबक घेऊन उभा. मी शक्य तितक्या हळू आवाजात म्हटलं, "भाईजान, ये पीकदान है।"

"मतलब... थूकने का?"

"हाँ जी।"

रफीकभाईंनी ती छापील प्रत टेबलावर पालथी घातली. मग म्हणाले, "या अल्लाह! सात साल से इसी के नीचे बैठके लोगों को गुलाब सुंघा रहा हूँ।" दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भाजी घेऊन तिकडून जात होते, तर पाटीवर चुना फासलेला. मी घरी येऊन ही गोष्ट अशी काही रंगवून सांगितली की आमचे हे चहा सांडेस्तोवर हसले. रफीकभाईंनी आपली चूक एका दिवसात पुसली, ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही. माझी चूक पुसायची वेळ आली तेव्हा आली.

आता माझी चूक.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्या टेबलावर एक सुटं पान आलं. पान म्हणजे पानाचा फोटो, काळा-पांढरा, पत्त्याएवढा. मूळ पान कपाटात होतं, कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते रजेवर होते, अन् महिनाअखेरपर्यंत पन्नास कार्डं भरायची होती. फोटोत लोडाला रेललेला एक पुरुष. समोर एक बाई, एक पाय उचललेला, एका हातात वाटी पुढे केलेली, दुसऱ्या हाताशी कमरेवर भांडं. भांड्याचं निम्मं अंग ओढणीआड. वरचं पांढरं टोक दिसत होतं, ते मला सुराहीचं बूच वाटलं. रेललेला पुरुष, वाटी, उचललेला पाय! अजून काय पाहिजे? भांड्यावरच्या हाताचा अंगठा जरा विचित्र वळलेला होता. ती नृत्यमुद्रा, असं मी ठोकून दिलं. कार्डावर हिंदीत लिहिलं, 'सुरापात्र लिए नर्तकी'. अठ्ठावीस वर्षांची होते. स्वतःवरच खूश झाले होते.

ते कार्ड वाढत गेलं. फलक झाला, मग पोस्टर झालं. एका वर्षी न्यासाचं रंगीत कॅलेंडर निघालं, त्यात मार्च महिन्यावर आमची नर्तकी. नंतर मग आले, चहाचे, तिचं चित्र असलेले. एका पाहुण्यानं भाषणात तिच्यावरून 'नर्मदाकाठची रसिक परंपरा' असा अर्धा तास काढला. ओळख पटवणारी म्हणून माझा शाल देऊन सत्कार झाला. ती शाल उबदार आहे, अजून वापरते.

माझ्या निवृत्तीला वर्ष राहिलं असताना पनागरहून एक बाई आली. साठीच्या आसपासची, हातात कॅलेंडरचं गुंडाळलेलं पान. नाव गेंदाबाई. भाजीपाल्याची शेती, अन् घरात भाजल्यावर लावायचं एक मलम पिढ्यान्‌पिढ्या. आसपासच्या गावांत कोणाचं पोर चुलीवर, कढईवर भाजलं की तिच्याच दारात आणतात. मलम विकत नाहीत, देतात. ते करायची रीत सासू सुनेला शिकवते, सून तिच्या सुनेला. लेकीलाही नाही, अन् लेकालाही नाही.

तिनं माझ्या टेबलावर मार्च महिना पसरला. "मैडम जी, ये हमारी दाई है। जिनने दवाई चालू की। आपने इनको नाचनेवाली कैसे लिख दिया?" दाई म्हणजे त्यांच्याकडे आजी, घराण्यातली मूळ आजी.

मी अशा लोकांना सरावलेली होते. दर महिन्याला कोणी ना कोणी आपला पणजोबा राजाच्या शेजारी बसलेला दाखवायला यायचा. मी ठेवणीतल्या आवाजात म्हटलं, "दीदी, पोथी में ऐसा कुछ लिखा नहीं है।"

"पोथी तो दवाई की थी! मेरे ददिया ससुर ने आपके यहाँ दी थी। दवाई की पोथी में नाचनेवाली कहाँ से आएगी?"

तिच्या आजेसासऱ्यांनी दिलेली ती पोथी आमच्याकडे दोन ठिकाणी वाटली गेली होती. आमच्याकडे पोथी आली की अक्षरांची पानं हस्तलिखित विभागात जायची अन् चित्रांची पानं चित्र विभागात. दोन विभागांची कपाटं समोरासमोर, पण बोलचाल नाही. माझ्यापर्यंत चित्र आलं ते अनाथ होऊनच आलं होतं.

मग गेंदाबाईनं खरी गोष्ट सांगितली. तिचे हात थरथरतात, घट्ट होत आलेलं मलम तिच्यानं ढवळवत नाही. सून शिवानी फार्मसी शिकलेली, पनागरच्याच मेडिकल स्टोअरमध्ये बसते. हुशार पोरगी, हात स्थिर. पण तिला रीत शिकायची नाही. दुकानात येणारी टवाळ पोरं कॅलेंडर दाखवून विचारतात, नाचनेवाली की दवाई आज मिलेगी क्या? शिवानी सासूला म्हणाली, मम्मी, एवढ्या मोठ्या संग्रहालयाला कळत नसेल का? त्यांनी लिहिलं आहे म्हणजे बघूनच लिहिलं असेल. "मेरे बाद कोई नहीं बनाएगा, मैडम। आपके दो शब्दों के पीछे।"

जाता जाता ती दारात थांबली. कॅलेंडरवरच्या भांड्यावर बोट ठेवून म्हणाली, "आपके घर अचार नहीं डलता क्या?"

मला राग आला. खरंच आला. तीस वर्षं भांडी ओळखणाऱ्या बाईला ही पनागरची बाई लोणचं विचारून राहिली! त्या रागातच मी कपाटाची किल्ली मागवली. मूळ पान मी त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतलं. हे लिहितानाही कान तापतात माझे. नंतर त्या पानावर पोस्टरं झाली, भाषणं झाली, पण मी परत काहून पाहू? मला तर माहीत होतं नं!

भिंगाखाली ते पांढरं बूच बूच नव्हतं. कापड होतं, बारीक चुण्या पडलेलं, अन् ओठाखाली लाल दोरा. काळ्या-पांढऱ्या फोटोत जी नक्षीची रेघ वाटली होती, तो दोरा. दादरा! माझ्या लहानपणी फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये माझी आई लोणच्याच्या बरणीला दरवर्षी बांधायची तसा दादरा. मी स्वतः तिला दोऱ्याचं टोक धरून दिलं आहे. ओढणीतून बरणीची बारीक कंबर पुसट दिसत होती. लोडाला रेललेल्या पुरुषाची मांडी गुडघ्यापर्यंत हिरव्या लेपानं माखलेली होती अन् त्याचा चेहरा मौजेचा मुळीच नव्हता, तो कळवळून राहिला होता बिचारा. बाईच्या उचललेल्या पायाखाली लाकडी उंबरा होता. रोग्याला औषध द्यायला उंबरा ओलांडणारी बाई, अन् मी तिला तीस वर्षं नाचवत ठेवली होती.

तेवढा अंगठा मात्र उलगडेना. तो बरणीच्या गळ्याशी असा वाकडा काहून, ते मला कळलं नाही.

घरी आले अन् रडले. यांनी विचारलं, "अवं, झालं काय?" मी सांगितलं. हे म्हणाले, "मग सांग नं उद्या साहेबाले. चुकलं म्हन. फॅक्टरीत आमी नट उलटा बसवला तं सांगतच होतो."

फॅक्टरीत नट उलटा बसवला तर काहीतरी फुटतं. आमच्याकडे काही फुटत नाही, म्हणून सगळं टिकतं.

साहेब माझं ऐकून घेत असताना त्याच चित्राच्या मगमधून चहा पीत होते. सज्जन माणूस. म्हणाले, "ढोबळे मैडम, आपका सत्कार हमने इसी पर किया था।" मी म्हटलं, शाल परत आणून देते. ते म्हणाले, प्रश्न शालीचा नाही, मगचा आहे, गोदामात अजून आहेत. शिवाय सुरापात्र पाहायला लोक येतात, औषधपात्र पाहायला कोण येणार? औषध तर घरोघरी आहे. शेवटी म्हणाले, रीतसर अर्ज द्या, दुरुस्ती समितीपुढे ठेवू.

आमच्याकडे दुरुस्ती समिती आहे हे मला तेव्हा कळलं. ती कधी बसलीच नव्हती, कारण कोणी कधी चुकलंच नव्हतं. तिला आधी सभासद शोधावे लागले. एक सभासद म्हणाले, मूळ ओळख ज्या तज्ज्ञाची, त्याचं मत घ्या. ते माझ्याकडे आले. मी लिहून दिलं की मी चुकले. मग दुसरे म्हणाले, जी व्यक्ती स्वतःच चुकल्याचं सांगते, तिच्या मतावर विसंबायचं कसं? तेवढ्यात मी निवृत्त झाले. निरोप समारंभात टाळ्या वाजवून मला एक वस्तू भेट दिली. मग. चित्र तेच, खाली अक्षरं तीच.

या सगळ्या काळात गेंदाबाईचा महिन्यातून एकदा फोन यायचा. "हुआ क्या, मैडम?" मी म्हणायची, "चल रहा है, दीदी।" ती म्हणायची, "हमारे हाथ नहीं चल रहे।" एवढंच. रागावली असती तर बरं वाटलं असतं. मी विजय नगरच्या घरात बसून अर्जामागून अर्ज लिहीत होते. यांनी नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं की हिला सध्या काही विचारू नका, हिच्या बरणीचं चालू आहे.

अखेर चौकीदाराचा फोन आला. "मटका मैडम, आपका बोर्ड बदल गया!" मी आनंदानं लगेच गेंदाबाईला कळवलं. ती म्हणाली, बहूला घेऊन येते, वाचायला लावते तिला, तिचा लिहिलेल्यावर विश्वास आहे. शुक्रवार ठरला. मी जरा आधी पोचले. माझ्या जुन्या कचेरीत तिकीट काढून आत गेले अन् चित्रापुढे उभी राहिले. नवी पाटी पितळेची, चकचकीत. तिच्यावर कोरलं होतं, 'औषधिपात्र लिए नर्तकी'.

मी तिथल्या बाकावर बसले. आत जाऊन विचारलं तर साहेबांनी फाइल दाखवली. तुमचा विभाग भांड्यांचा, मैडम, तुमचं भांड्याबद्दलचं म्हणणं समितीनं पूर्ण मान्य केलं. व्यक्ती ओळखणं आकृती विभागाचं काम, अन् तिथली जागा रिकामी आहे. ती भरली की पुढचं पाहू.

बाहेर आले तर दोघी समोर. गेंदाबाईनं पदर डोक्यावर नीट घेतलेला, देवळात आल्यासारखा. मागे शिवानी, जीन्सवर कुर्ता, चेहऱ्यावर 'चलो, निपटा लो'. मला वाटलं, यांना दारातूनच परत न्यावं, चहा पाजावा, काहीतरी थाप मारावी. पण शिवानीचे डोळे तोवर पाटीवर गेले होते. तिनं मोठ्यानं वाचलं. मग सासूकडे पाहून हळूच म्हणाली, "मम्मी, लिखा तो अब भी वही है।"

गेंदाबाई पाटीकडे पाहतच राहिली. ती वाचू शकत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मग मी बोलले. गॅलरीत चारपाच लोक होते, चौकीदार होता, साहेबही मागून आले होते. मी म्हटलं, "बेटा, ये लिखनेवाली मैं हूँ। मैंने फोटो देखके लिखा था, असली पन्ना देखा ही नहीं। तीस साल नहीं देखा। गलती मेरी है, तुम्हारी दाई की नहीं।" मी तिला दोरा दाखवला, उंबरा दाखवला, लेप लावलेली मांडी दाखवली. माझं भिंग तिच्या हातात दिलं अन् म्हटलं, "सब समझ में आया। बस, ये अँगूठा आज तक नहीं समझी।"

शिवानी वाकली. बराच वेळ वाकून होती. मग तिनं भिंग खाली घेतलं अन् स्वतःचा डावा हात कमरेवर धरला, बरणी धरल्यासारखा. अंगठा वाकडा करून हवेतच काहीतरी ओढलं. "मम्मी," ती म्हणाली, "ये तो अपनी गाँठ है।"

गेंदाबाईनं मान हलवली. हो नं, म्हणजे काय, अशी.

शिवानी माझ्याकडे वळली. त्यांच्या घरी बरणीचा दोरा तीन वेढे देऊन बांधतात अन् टोक अंगठ्याजवळ मोकळं सोडतात. अंगठ्यानं ओढलं की दोरा एका झटक्यात सुटतो. "मम्मी ने शादी के पहले हफ्ते में सिखाई थी। मैंने कहा, रबरबैंड लगा लो। तो बोलीं, बच्चा जला हुआ आता है, एक हाथ से उसे पकड़ना पड़ता है। बरनी एक ही हाथ से खुलनी चाहिए।" ती परत चित्राकडे वळली. त्या बाईचा दुसरा हात वाटी घेऊन रोग्याकडे गेलेला होता. "मैडम, ये नाच नहीं रहीं। ये बरनी खोल रही हैं।"

माझी नृत्यमुद्रा! मी साहेबांकडे पाहिलं. साहेब पाटीकडे पाहत होते. म्हणाले, "इसे भी लिखकर दे दीजिए, समिति के सामने रखेंगे।"

शिवानीनं त्यांना नमस्कार केला, शहरी पद्धतीचा, छोटासा. मग सासूचा थरथरता हात धरून म्हणाली, "चलो मम्मी, घर चलो। लिखने दो इनको।" दारापर्यंत गेल्यावर गेंदाबाई वळली अन् मला म्हणाली, "चलो मैडम जी, दारू तो छूटी।"

ती पितळी पाटी अजून तिथेच आहे. आकृती विभागाची जागा अजून भरायची आहे. मगही अजून संपले नाहीत, म्हणे. मी मात्र माझा मग पेन ठेवायला घेतला आहे, चित्राची बाजू भिंतीकडे करून.

मागच्या महिन्यात तळणाचं तेल उडून माझा हात भाजला. शिवानीनं पनागरच्या बसमधून एका ओळखीच्या माणसाबरोबर चिनीमातीची लहान बरणी पाठवली. मलम तिनं स्वतः ढवळलेलं, सासूनं नुसतं शेजारी बसून पाहिलेलं, असं फोनवर सांगितलं. तोंडावर पांढरं कापड, गळ्याशी लाल दोरा, टोक मोकळं. यांनी सवयीनं दातांनी सोडायला घेतला. मी म्हटलं, थांबा हो. भाजलेला हात यांच्याकडे दिला, दुसऱ्या हातात बरणी धरली, अन् अंगठ्यानं टोक ओढलं.